टाकीमागचा कोपरा

११ मार्च

आई,

पैसे परत पाठवलेस ते पाठवलेस, वर ताईच्या तोंडून निरोप काय, तर "त्याला सांग, माझं छत मला कळतं." तुला कळत नाही असं मी कधी म्हटलं? तुझ्यासारखं डांबर ओतणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि हे मी इथं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो. पण छत गळतं का, हा प्रश्नच नव्हता. छत तापतं, हा प्रश्न आहे. दोन वर्षं मी तापण्याबद्दल विचारतोय आणि दोन वर्षं तू मला गळण्याबद्दल उत्तर देतेस. मी विचारावं किती वाजले, आणि तू सांगावंस आज वार कोणता.

फोन केला की तू तो ताईच्या हातात देऊन भांडी आवरायला जातेस. भांड्यांचा आवाज मला मुद्दाम ऐकवतेस, तेही कळतं मला. म्हणून आता पत्र लिहितो. पत्राच्या मधेच भांडी आपटता येत नाहीत. ताई, सगळं वाचून दाखव, गाळू नकोस. माझं अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच, पण मऊ करून वाचू नकोस.

तर आई, ते पैसे एका पांढऱ्या डब्याचे आणि दोन ब्रशांचे होते. दुसरं काही नाही. ताई सांगते की वरच्या खोलीची भिंत दुपारी चारला हात लावू देत नाही. तिच्या पिल्लूच्या पाठीवर घामोळ्यांची चादर पसरलीय. आणि तू खाली एवढी जागा असताना वर झोपतेस. का झोपतेस ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे, त्यामुळे ते लिहीत नाही.

माझं काम तुला पसंत नाही. तू आयुष्यभर छतं काळी केलीस आणि मी दूर जाऊन ती पांढरी करतो, हे तुला तुझ्या नाकावर टिच्चून केल्यासारखं वाटतं. तसं नाही गं. निदान आता तसं नाही. इथं एका वस्तीची चारशे घरं पांढरी करायची आहेत. आमच्या प्रमुख बाई आहेत, त्यांना आम्ही मीटरबाई म्हणतो, कारण त्यांच्या हातात पिस्तुलासारखं एक तापमान मोजायचं यंत्र असतं. ते त्या छतावर रोखतात, भिंतीवर रोखतात, पंख्यावर रोखतात. पहिल्या दिवशी माझ्या कपाळावर रोखून म्हणाल्या, "सदतीस. माणूस आहेस. लाग कामाला." दुपारी काळ्या छतावर पासष्ट दाखवतं. शेजारच्याच पांढऱ्यावर त्रेचाळीस. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कुणी सांगितलेलं नाही.

पांढऱ्यावर डोळे इतके दिपतात की आम्हाला काळे चष्मे दिलेत. मी नटासारखा दिसतो. ताई, हे दोनदा वाच, हसली तर कळव.

तुझा


२७ मार्च

आई,

तुझा निरोप मिळाला. एवढं मोठं पत्र लिहिलं त्याला उत्तर एक ओळीचं. "त्याला विचार, डांबर वर आलं का."

तू हे कसं काय ओळखलंस, हेच मला कळत नाही. इतक्या लांब बसून!

हो, आलं वर. इथं एक प्रसूतिगृह आहे, दोन मजली. वरच्या मजल्यावर बाळंतिणी आणि त्यांची बाळं असतात. छताला एका ठेकेदारानं नुकतंच डांबर मारलं होतं, त्यावर आम्ही पांढरा रंग चढवला. आमच्यातल्याच एका शहाण्यानं सांगितलं होतं की डांबर वाळलंय, खुशाल लावा. आठ दिवसांत पांढऱ्यातून तपकिरी डाग वर आले, मग रंगाला भेगा पडल्या, सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. तिथली एक नर्स वर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "छत रंगवायला आलात की बिबळ्या रंगवायला?" सगळे हसले. मीटरबाई हसल्या नाहीत. त्यांनी यंत्र रोखलं आणि आकडा कुणाला न दाखवता खिशात घातलं.

त्या शहाण्याचं काय झालं, ते पुढं कधीतरी.

दुसरं. तू नेहमी म्हणतेस माझा तुझ्या कामावर भरवसा नाही. भरवसा तुझा माझ्यावर नव्हता. घरचं छत दर तीन वर्षांनी तू नव्यानं करायचीस, मी बारा वर्षांचा होतो तेव्हापासून तुझ्या हाताखाली. शेगडीवर डांबर मी वितळवायचं, बादल्या मी चढवायच्या, भाजून मी घ्यायचं. पण पाण्याच्या टाकीमागचा कोपरा आला की, "तू हो बाजूला. तो मी करते." एकदा मी चुकून तिथं ब्रश नेला तर तू माझ्या हातावर फटका मारलास. एका हाताएवढा कोपरा! तेवढासुद्धा मला येणार नाही असं तुला वाटायचं. हे मनात आहे ते आहे.

पिल्लूच्या पाठीला ओलं फडकं लावा. पावडर नको.


८ एप्रिल

आई,

तो शहाणा मीच होतो.

ताई, इथं थांबू नकोस, पुढं वाच. थांबलीस तर ती उठून जाईल.

मीटरबाईंनी मला छतावर नेऊन विचारलं होतं, "तुझी आई डांबराचं काम करते ना? मग सांग, वाळलंय का हे?" चार माणसांसमोर विचारलं. आई, मला काय करायला हवं होतं हे मला तिथल्या तिथं आठवलं. तू काय करतेस ते. अंगठा टेकायचा, पाच अंक मोजायचे, उचलायचा. अंगठा काळा झाला तर कच्चं. ठसा उमटलाच नाही तर जास्त सुकलं, त्यावर काही धरणार नाही. ठसा उमटला आणि अंगठा कोरा निघाला, तेव्हाच ते तयार. हे मला झोपेतसुद्धा येतं. पण मी घरातून निघताना ठरवलं होतं की तुझ्या पद्धतीनं काही करायचं नाही. काहीच नाही. म्हणून मी बुटाच्या टोकानं डांबर दोनदा ठोकलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "वाळलंय."

बुटानं! तू हसत असशील. किंवा नसशील.

मला वाटलं आता हाकलणार. मी पिशवीसुद्धा भरली होती. मीटरबाई म्हणाल्या, "पिशवी ठेव खाली. पळून गेलास तर छत कोण नीट करणार? आता काय करायचं ते तूच सांग." मी म्हटलं, "मला येत नाही. आईला येतं." त्या म्हणाल्या, "मग आईला विचार. लाज वाटते का?"

वाटते. पण विचारतो.

वरच्या मजल्यावर अकरा बाळं आहेत. मी कालच खाली जाऊन आलो. एक बाई पदरानं बाळाला वारा घालत होती, तिचा हात दुखला की शेजारची बाई त्या बाळाला वारा घालायची, स्वतःचं सोडून. छताखाली छत्तीस होतं. आमच्या रंगानं ते तेहतीसवर यायला हवं होतं. तीन अंशांनी काय होतं, असं मला वाटायचं. त्या खोलीत पाच मिनिटं उभा राहिलो आणि कळलं.

तर तू डांबरावर दगडाची भुकटी कशी टाकतेस, ते सगळं सांग. किती बारीक, किती वेळानं, कुठून कुठं. लहानपणी मी बघत होतो पण माझं लक्ष पतंगांकडं असायचं. ताईला लिहून घ्यायला सांग. शिव्या घालायच्या असतील तर त्याही लिहून घे ताई, पण कृती आधी.

उन्हाळा वाढत चाललाय. लवकर.


३० एप्रिल

आई,

चार पानं! ताईचं अक्षर आणि तुझा आवाज. पहिल्या पानावर नुसत्या शिव्या आहेत, "बुटानं ठोकतो, बापजन्मी कुणी डांबर बुटानं ठोकलं होतं का" वगैरे. ते पान मी कुणाला दाखवलं नाही. बाकीची तीन दाखवली.

तू सांगितलंस तसंच केलं. आधी फुगलेला रंग खरवडून काढला. दोन दिवस त्यातच गेले, नखं अजून दुखतात. मग डांबराचा पातळ हात. दगड कापणाऱ्याच्या कारखान्याबाहेर भुकटीचा ढीग पडलेला असतो, तो म्हणाला फुकट न्या, उलट माझा रस्ता मोकळा होईल. ती जुन्या पातळ कापडातून तीनदा गाळली. माझा जोडीदार, ज्याला आम्ही डबा म्हणतो (सारखा खात असतो म्हणून), तो कुरकुरला, "पीठ मळायचंय का, एवढं गाळतोस?" मी म्हटलं, "आईनं तीनदा सांगितलंय. दोनदा गाळलं तर तिला तिकडं बसल्याजागी कळेल." आणि तो घाबरला! तुला न पाहता घाबरला.

मग मी गुडघ्यावर बसलो आणि अंगठा टेकला. पहिल्या वेळी काळा. अर्ध्या तासानं पुन्हा काळा. सगळे गोल करून उभे, जणू मी कुणाची नाडी बघतोय. तिसऱ्या वेळी कोरा निघाला, आणि खाली ठसा, एकेक रेघ मोजावी असा स्वच्छ. मी ओरडलो, "आता!" आणि आम्ही भुकटी उधळत उलटे चालत गेलो. तू लिहिलंस की नीट पडली तर आवाज येतो, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखा. आला. मी तो आवाज लहानपणी शंभर वेळा ऐकलाय आणि तो कसला असतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सुटी भुकटी झाडून काढली, पांढऱ्याचे दोन हात दिले. आज दहा दिवस झाले. एक डाग नाही. मीटरबाईंनी खाली जाऊन यंत्र रोखलं आणि या वेळी आकडा सगळ्यांना दाखवला. बत्तीस पूर्णांक आठ. ती बिबळ्यावाली नर्स म्हणाली, "आता मांजर झालं पांढरं." तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

तुझी तीन पानं मीटरबाईंनी आमच्या शेडच्या भिंतीवर चिकटवलीत. सगळ्या टोळ्या आता तसंच करतात. आई, इथली छतं काळ्यावरच पांढरी होतात. खाली तुझं काम नसेल तर वर माझं टिकत नाही. हे मला आधी कळलं असतं तर आपण भांडलो नसतो, किंवा निदान कमी भांडलो असतो.

चहाच्या वेळी आमचा एक खेळ चालतो. मीटरबाईंनी सुरू केला. वीस वर्षांनी या छतावर काय असेल, ते प्रत्येकानं सांगायचं. थापा चालतील, पण रडगाणं चालणार नाही, असा नियम आहे. डबा म्हणतो, भोपळ्याचे वेल. दुसरा म्हणतो, सूर्याच्या पट्ट्या लावून तो सगळ्या वस्तीला वीज देणार आणि स्वतः झोपून राहणार. मीटरबाई म्हणतात, "माझं हे यंत्र गंजून पडलेलं असेल, कारण मोजायला काही उरणार नाही." माझी पाळी आली तेव्हा मला थाप सुचेना. मी म्हटलं, एक म्हातारी दुपारी दोन वाजता वरच्या खोलीत घोरत पडली असेल, आणि तिला घाम आलेला नसेल. सगळे म्हणाले, यात कसली मजा? मी म्हटलं, तुम्ही तिला ओळखत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

बाबा शेवटच्या उन्हाळ्यात त्याच खोलीत होते. दिवस झाल्यावर मी तुला म्हणालो होतो, "बाबांना आजारानं नाही, तुझ्या छतानं भाजून नेलं." ताई, हे वाचताना आवाज खाली आणू नकोस, मी तेव्हा खाली आणला नव्हता. त्या दिवशी तुझं अंथरूण वर गेलं ते अजून वरच आहे.

डॉक्टर काय म्हणाले होते ते मलाही माहीत होतं. बाबांची छाती आधीच खलास झालेली होती. तू दिवसातून दहा वेळा जिना चढून ओली चादर टांगायचीस, ती सुकली की पुन्हा भिजवायचीस. खाली यायला बाबा तयार नव्हते, त्यांना खिडकीतून रस्ता बघायचा असायचा. हे सगळं मी पाहिलं होतं आणि तरी तसं बोललो, कारण कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तूच समोर होतीस. चूक झाली. मोठी चूक. माफ कर, असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिलं.

खाली झोप आई.


७ मे

आई,

परवा फोनवर तूच आलीस तेव्हा मी शिडीवर होतो. तुझा आवाज ऐकून उतरायचं विसरलो. दोन वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर "पाच मोजलेस की घाईनं तीनच मोजलेस?" पाचच मोजले होते गं. पाच.

आणि मग तू ते सांगितलंस. मी घाईनं फोन ठेवला. लाइन खराब होती असं मी म्हटलं, पण लाइन चांगली होती. म्हणून लिहितो.

मला खरंच माहीत नव्हतं की टाकीमागं बाबांचा अंगठा आहे. ते छत तुम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा केलंत तेव्हा मी दोन वर्षांचा असेन. तू म्हणालीस, "त्यांना काम नवीन होतं. मी म्हटलं टेका अंगठा, बघा तयार आहे का. त्यांनी टेकला, आणि कोरा निघाला म्हणून पोरासारखे नाचले. मी म्हटलं, हे राहू दे." आणि मग दर तीन वर्षांनी तू सगळं छत नव्यानं केलंस, फक्त तेवढं सोडून, त्याच्या कडेनं बोटानं डांबर लावत. मला फटका मारलास तो त्यासाठी. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्या हातावर तुझा भरवसा नाही. त्या दिवशी मी ब्रश आणखी वीतभर पुढं नेला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून परवापासून माझं जेवणावर लक्ष नाही. डबा खुश आहे, माझं तोच खातो.

"सगळं पांढरं झालं तर मी कुठं बघू?" असं तू विचारलंस. दोन वर्षांपूर्वी हे विचारलं असतंस तर! पण तेव्हा मी कुठं ऐकणारा होतो. जाऊ दे.

तर आता ऐक. मी मीटरबाईंना विचारलं, छताचा एक लहानसा भाग काळा ठेवला तर किती फरक पडेल? कारण सांगितलं नाही, पण त्यांना कळलं बहुतेक. त्यांनी यंत्र पुसलं, परत पुसलं आणि म्हणाल्या, "ताटाएवढा असेल तर माझ्या यंत्राला दिसणारसुद्धा नाही."

फडताळात वरच्या कप्प्यात बाबांचं ताट आहे, काठाला पोचा आलेलं. ते ताई काढून देईल. टाकीमागं अंगठ्यावर ते पालथं घाल. मग सगळं छत पांढरं कर, ताटाच्या कडेनं ब्रश फिरव, आणि दुसरा हात वाळल्यावर ताट उचल. तेवढं काळं राहील. पावसाआधी दरवर्षी तिथं वाकून बघ, आणि आजूबाजूचं छत गार असल्यामुळं तुला दुपारीसुद्धा तिथं अनवाणी जाता येईल. आता जाता येत नाही, हे ताईनं सांगितलंय. तू पहाटेच जातेस म्हणे.

छत आधी धुऊन घे. भुकटी तुझ्या डांबरावर आहेच, त्यामुळे रंग धरेल. वाळल्याची खात्री कशी करायची ते मी तुला सांगायला नको. ताईला शिडी धरायला लाव, आणि तू स्वतःच कर, दुसऱ्या कुणाच्या हातात ब्रश देऊ नकोस. तुझ्यावर माझा भरवसा आहे.

ताई म्हणते गेल्या आठवड्यात जिन्यात तुला अंधारी आली आणि तू कठड्याला धरून बसलीस. तू फोनवर हे गाळलंस. आई, छत पांढरं होईपर्यंत अंथरूण खाली आण. माझ्यासाठी नको आणूस, पिल्लूला आजीजवळ झोपायचंय म्हणून आण. पांढरं झाल्यावर खुशाल वर जा, खिडकीतून रस्ता बघ, घोर.

मला हातातलं काम तूच दिलंस. माझी शाळा कायमची सुटली तेव्हा तू ओरडली नाहीस, बादली दिलीस. उतार शोधायला तांब्याभर पाणी ओतून बघायचं, टाचेनं पोकळ जागा ऐकायची, वाऱ्याकडं पाठ करून भुकटी टाकायची, हे सगळं इथं शिकलेल्या पोरांनाही येत नाही. ती मला विचारतात आणि मी मोठ्या ऐटीत सांगतो, आणि कुठून आलं हे आता सांगतो. आधी सांगत नव्हतो.

रंगाचा डबा मालाच्या गाडीतून वेगळा येतोय, चार दिवसांत पोचेल. तो टोळीकडून आहे, त्यावर सगळ्यांनी सह्या केल्यात, डब्यानं झाकणावर भोपळा काढलाय.

आणि या वेळी पाठवलेले पैसे परत पाठवायचे नाहीत. मुळात ते माझे नाहीतच, त्यामुळे मला परत घेता येणार नाहीत. भिंतीवरच्या तुझ्या तीन पानांवरून सहा टोळ्या काम शिकल्या, त्याची मजुरी आमच्या कचेरीनं मंजूर केली. मुख्य कारागिराच्या दरानं. कागदावर सही हवी होती, मी म्हटलं ती अंगठा लावते, तर मीटरबाई म्हणाल्या, "तिचा अंगठा आम्ही ओळखतो." कागद सोबत आहे. टेक, पाच मोज, उचल, आणि परत पाठव. फक्त कागद.

नऊ हजार सहाशे रुपये.